सिंधु सिस्टरची पिवळी टोपी

लसीच्या डब्याचं थर्माकोल गायब झालं तेव्हा माझा पहिला संशय सिंधु सिस्टरवर गेला. तो खरा निघाला, हे आधीच सांगून टाकतो. तिच्याबद्दलचे माझे पुढचे सगळे संशय खोटे ठरले.

सन शहाऐंशीची गोष्ट. मी तेव्हा अहमदपूरपासून अकरा किलोमीटरवरच्या एका आरोग्य केंद्रात कंपाउंडर होतो. लातूर जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली होती. आमच्या केंद्राच्या पाटीवर ‘उस्मानाबाद’ पुसून ‘लातूर’ रंगवलं होतं, पण रंग पातळ, खालची जुनी अक्षरं उन्हात दिसायचीच. औषधाची मागणी लातूरला धाडली की तिथून विचारणा यायची, जुनी फाईल कुठं आहे. जुनी फाईल उस्मानाबादेत. कुणाला नेमकं विचारायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं जो तो दुसऱ्याकडं डोळे बारीक करून बघायचा. त्यात पावसानं दगा दिलेला. शिवरात्रीलाच आडांनी तळ दाखवला होता.

सिंधु सोनकांबळे आमच्याकडं नर्स म्हणून आली ती नांदेड जिल्ह्यातून. माहेर मुखेडच्या बाजूचं. नवरा ग्यानोबा नांदेडजवळ धरणाच्या कामावर फिटर. महिन्यातून एकदा यायचा. बाई तिशीची, उंच, बोलणं मोजकं. भाड्याची खोली मिळायला तिला दोन आठवडे लागले. आडनाव ऐकलं की गावातली खोली अचानक पाहुण्यांसाठी लागायची. शेवटी तिच्याच समाजाच्या वस्तीत, धुरपताबाईच्या घरी, जागा झाली.

तिच्याकडं पाच गावं होती आणि एक जुनी लेडीज सायकल. लसी, गरोदर बायकांची तपासणी, आणि त्या वर्षी आणखी एक काम: गावोगावच्या विहिरीत आणि टँकरच्या पाण्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची. या पावडरीवर लोकांचा भलताच संशय. ती टाकली की मूल होत नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या. दहा वर्षांपूर्वी नसबंदीच्या गाड्या गावात आल्या होत्या, पुरुष शेतात लपले होते. ते कुणी विसरलं नव्हतं. दवाखान्याचं माणूस दिसलं की लोक आधी त्याच्या पिशवीकडं बघत.

खैरवाडीत तर आणखी अडचण. तिथं पाणी उरलं होतं ते एकट्या शेषेरावांच्या विहिरीला. शेषेराव साठीचे, बारा एकरांचे धनी, माणूस वाईट नव्हता, पण सिस्टरनं पोहऱ्याला हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. हे त्यांनी तोंडानं कधी सांगितलं नाही. तिला ते न सांगता कळलं. ती पावडर आपल्याच बादलीत कालवायची, काठावर ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. मग शेषेरावांची बायको तुळजाबाई ती बादली विहिरीत उपडी करायची. मी एकदा बरोबर होतो तेव्हा हे पाहिलं. मला त्यात काही खटकलं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे.

तर अशा बाईनं फेब्रुवारीत एके दिवशी डोक्यावर पिवळी टोपी घालून केंद्रात सायकल आणली.

धरणावर मजूर घालतात तशी ती फायबरची टोपी, पण पुढची पाळ कापलेली, कडेनं तापलेल्या सळईनं भोकं पाडलेली, हनुवटीखाली कातड्याचा पट्टा. कानाच्या वर दोन्ही बाजूंनी आतून काहीतरी पांढरं जाड डोकावत होतं. शिपायानं तोंडावर हात धरला. डॉक्टरसाहेब नवे होते, त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी मात्र त्या पांढऱ्याकडं पाहिलं आणि मागच्या खोलीत गेलो. लसीच्या खोक्यांपैकी एकाचं झाकण आणि एक बाजू नव्हती.

खोका फुटका होता हे मला माहीत होतं; ट्रकमधून उतरवताना तडकला होता. पण माझ्या मनानं घेतलं की हिनं तो मुद्दाम मोडला. त्या संशयाला आणखी फांद्या फुटल्या. हिला टोपी लागतेच कशाला? एवढ्या वर्षांत मी अहमदपूर रस्त्यावर शेकडो सायकलवाले पाहिले, दूधवाले, मास्तर, टपालवाला केरबा. कुणाच्या डोक्यावर टॉवेलापलीकडं काही नव्हतं. मग ही काय लपवते? कुणाला भिते?

गावांत तर त्याहून पुढं गेलं. कुणी म्हणालं, टोपीत मशीन आहे, कोणत्या घरात किती लेकरं ते टिपतं. कुणी म्हणालं, ती आता चेकिंगला नेमली आहे, दुष्काळी कामावर खोटी हजेरी लावणाऱ्यांना पकडते. खडी फोडणाऱ्या बायका ती दिसली की डोक्यावरचा पदर पुढं ओढून हातोडा जोरात चालवायच्या. तिला हे कळत होतं. तिनं टोपी काढली नाही, आणि समजावत बसायलाही ती गेली नाही. तिथंच माझा संशय पक्का झाला. निर्दोष माणूस बोलल्याशिवाय राहत नाही, असं मला त्या वयात वाटायचं.

मी लातूरच्या कार्यालयाला निनावी अर्ज लिहिला. दोन वाक्यांचा. पहिलं, की सदर परिचारिकेनं लसीच्या खोक्याचं थर्माकोल काढून स्वतःसाठी वापरलं. दुसरं, की तिच्यामुळं गावांत असंतोष आहे, पाण्यावरून भांडणं होण्याचा संभव आहे, तरी तिची तिच्या जिल्ह्यात बदली करावी.

महिन्याभरात किशनराव नावाचे अधिकारी जीपनं आले. केसांना तेल, बगलेत फाईल, आणि नजर अशी की नमस्कार केला तरी त्यात काही काळंबेरं आहे का ते बघणार. त्यांनी सिंधु सिस्टरला ओट्यावर बोलावलं. डॉक्टरसाहेब खुर्चीत, मी दाराशी. थर्माकोल घेतलं का, असं विचारल्यावर तिनं सरळ हो म्हटलं. खोका फुटला होता, टाकूनच देणार होते, पण विचारून घ्यायला पाहिजे होतं, ते चुकलं, असंही म्हणाली.

मग टोपी कशासाठी, हे विचारल्यावर तिनं पिशवीतून दुसरी एक टोपी काढली. टोपी म्हणजे चामड्याच्या जाड पट्ट्या, केळ्याएवढ्या, डोक्यावर जाळीसारख्या बसणाऱ्या. तिचा थोरला भाऊ निवृत्ती मुखेडला सायकलच्या दुकानात कामाला होता. सायकलच्या शर्यतीत उतरायचा. नांदेडपर्यंत नाव होतं. हैदराबादच्या एका शर्यतवाल्यानं खूष होऊन त्याला ही टोपी दिली होती. पाच वर्षांपूर्वी उतारावर खडीवरून त्याचं चाक घसरलं.

“टोपी डोक्यावरच व्हती,” ती म्हणाली. “एक टाका सुदिक उसवला न्हाई. आतलं डोकं फुटलं.”

ती पुढं सांगत राहिली. मयतीला आलेले लोक म्हणाले, बघा, टोपी घालून काय उपयोग झाला, ज्याची वेळ भरली त्याची भरली. तिला ते पटलं नव्हतं. तिच्या मते त्यानं टोपी घातलीच नव्हती. टोपीसारखं दिसणारं काहीतरी घातलं होतं. पुढं नोकरीत लसी येऊ लागल्या. हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्यानं ट्रक यायचा, पण थर्माकोलमधली काचेची कुपी फुटायची नाही. तिथून तिला सुचलं. ग्यानोबानं धरणावरची टाकाऊ टोपी आणून दिली, आतलं तिनं बसवलं.

किशनरावांचा चेहरा हलला नाही. बोलणं ऐकून कुणीही हळवं होईल, पण त्यांना पुरावा हवा होता. तिनं घरी दोन्ही टोप्यांत कवठ ठेवून त्या पाडून बघितल्या होत्या, तसं सांगितलं. साहेबांना वाटलं, हिनं नरम कवठ चामड्याला आणि कडक कवठ पिवळीला वापरलं असणार. म्हणून त्यांनी कवठं आणायला मला धाडलं. बाजाराचा दिवस होता. मी टिचकी मारून मारून एकसारखी सहा कवठं निवडली, आणि खरं सांगतो, सिस्टर खोटी पडावी अशी माझी इच्छा होती.

चामड्याच्या टोपीत कवठ फडक्यानं घट्ट बांधलं. शिपायानं ओट्यावर उभं राहून डोक्याच्या उंचीवरून खालच्या फरशीवर सोडलं. कवठाचे दोन तुकडे झाले. पिवळी सोडली. ती उडून कलंडली. कवठ काढून साहेबांनी कानाशी हलवलं, नखानं चाचपलं. शाबूत होतं. त्यांनी तेच शाबूत कवठ चामड्याच्या टोपीत बांधायला लावलं. फुटलं. आता नवं कवठ पिवळीत घालून पुन्हा, त्याच बाजूवर. या खेपेला कवठाला केसाएवढी चीर गेली. तिसऱ्या खेपेला तेही फुटलं.

किशनराव लगेच म्हणाले, “बघा. तुमचीही फुटली की.”

सिस्टरनं आतलं थर्माकोल काढून दाखवलं. एका जागी ते दबून पापडासारखं झालं होतं. ती म्हणाली की एकदा मार खाल्ला की ते गेलं, पुन्हा उपयोगाचं नाही, नवं बसवावं लागतं. हे तिनं स्वतःहून सांगितलं. लपवायचं असतं तर तिनं दुसरी बाजू खाली धरायला सांगितलं असतं, एवढं त्या वेळी माझ्याही ध्यानात आलं, आणि मी ते मागं ढकललं.

“म्हणजे सगळ्या सायकलवाल्यांनी असली हंडी डोक्यावर घ्यावी, असं तुमचं म्हणणं?” साहेबांनी विचारलं.

“मी कुणाला सांगाय गेले न्हाई, साहेब. उकडतं, मान दुखती, लोक हसतेत. समदं खरं हाय. पर घालायचीच असंल तर डोकं वाचवंल अशी घालावी. नावाची टोपी घालण्यापरीस उघडं डोकं बरं. उघडा माणूस निदान जपून तरी चालवतो.”

किशनरावांनी फाईलमधला अर्ज तिच्यापुढं धरला, तिनं तो वाचला, घडी घालून परत दिला. तिला लेखी ताकीद मिळाली. थर्माकोल जमा करायला लावलं. बदलीबद्दल साहेब काहीच बोलले नाहीत.

आठ दिवस ती उघड्या डोक्यानं गेली. मग टोपी पुन्हा दिसली. अहमदपुरात टीव्हीचं एक दुकान नवीन निघालं होतं. खोक्यातलं थर्माकोल दुकानदार फेकून द्यायचा, ते तिनं मागून आणलं होतं. मी आत डोकावून खात्री केली.

अखिती, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाल्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, खैरवाडीहून बैलगाडी आली. पुढं शेषेराव, गाडीत कडब्यावर सिंधु सिस्टर, तिचं डोकं तुळजाबाईच्या मांडीवर. शुद्धीवर होती. डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, कोपरापासून कातडी सोलली होती. डॉक्टरसाहेबांनी डोळ्यांत बॅटरी मारली, नाव विचारलं, गाव विचारलं, बोटं मोजायला लावली. ती सगळं बरोबर सांगत होती. डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

तुळजाबाईनं जे पाहिलं ते असं. खैरवाडीच्या उतारावर दुष्काळी कामाची खडी रस्त्याच्या अर्ध्यात आलेली. मागून पाण्याचा टँकर. सिस्टर कडेला झाली, चाक खडीत रुतलं, आणि ती डाव्या अंगावर दगडावर गेली. आवाज विहिरीपर्यंत आला.

माझा मात्र त्यावर विश्वास बसेना. दोनच दिवसांपूर्वी विहिरीवर पावडरीवरून शेषेरावांशी तिची बोलाचाली झाली होती. मी तिची सायकल तपासली. पुढच्या ब्रेकची तार तुटलेली. माझ्या डोक्यात आलं, कापली. दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन आधी अहमदपूरला दुकानात गेलो. दुकानदारानं तारेचं टोक बोटानं कुस्करलं, लाल भुगा पडला. गंजली होती, म्हणाला. तरीही मी तिथून खैरवाडीला गेलो आणि आडून आडून चौकशी करू लागलो. शेषेरावांनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

“कंपाउंडर,” ते म्हणाले, “मी पाडलं असतं तर गाडी कशाला जुंपली असती?”

मग ते घरात गेले आणि पिवळी टोपी घेऊन आले. गडबडीत ती त्यांच्याकडंच राहिली होती. डाव्या बाजूला वरून खालपर्यंत तडा. त्यांनी ती उलटी करून माझ्या हातात दिली. रात्री त्यांनी आतलं सगळं उचकून बघितलं होतं, मशीन आहे का म्हणून. मशीन नव्हतं. थर्माकोलमध्ये मात्र तळहाताएवढा खड्डा पडला होता.

“ह्यो खड्डा तिच्या डोसक्याला पडला असता,” एवढंच ते म्हणाले.

खैरवाडीतलं मशीनचं बोलणं त्या दिवसापासून थांबलं. पावडरीवरचा संशय तसाच राहिला. पोहऱ्याचंही काही बदललं नाही, बदललं असं सांगितलं तर खोटं होईल. फक्त तुळजाबाई एकदा केंद्रावर आली आणि सिस्टरसाठी दह्याचं गाडगं देऊन गेली. बाईनं एवढ्या टंचाईत म्हैस कशी जगवली होती, कोण जाणे.

मी सिंधु सिस्टरला भेटायला गेलो तो पाचव्या दिवशी. धुरपताबाईनं सतरंजी टाकली, कोरा चहा दिला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली भावाचा फोटो, सायकलला टेकून उभा. सिस्टरचा हात गळ्यात बांधलेला. मी गोळ्यांच्या पुड्या पुढं केल्या. प्रत्येक पुडीवर मी माझ्या हातानं लिहिलं होतं: सकाळ, दुपार, संध्याकाळ.

तिनं पुड्या हातात घेऊन वाचल्या. मग म्हणाली, “तुमचा ‘ळ’ लई येगळा हाय, व्यंकटभाऊ. साहेबानं अर्ज दावला तवाच वळखला मी.”

धुरपताबाई उठून बाहेर गेली, तिलाही ठाऊक असणार. मी विचारलं की मग तिनं साहेबांना सांगितलं का नाही.

“काय सांगायचं? थर्माकोल मी घेतलंच व्हतं. पयलं वाक्य खरं व्हतं तुमचं. दुसरं का लिवलं? पाण्यावरनं भांडणं मी लावते, असं? मी तर बादली ठिवून मागं सरत व्हते. तुम्ही सोता बघितलं व्हतं.”

उत्तर माझ्याकडं होतं. तिच्याबद्दल काही ठरवायला मला थर्माकोलची गरज पडलीच नव्हती. ती आली त्या दिवशीच, आडनाव ऐकून, मी बरंचसं ठरवून टाकलं होतं. हे मला त्या सतरंजीवर बसल्या बसल्या कळलं, आणि बोलायचं धाडस झालं नाही. मी चुकलो म्हटलं. तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि पुढंही कधी म्हणाली नाही.

दोन महिन्यांनी ती कामावर आली, नव्या टोपीनिशी. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, म्हणजे कामापुरतं. मृगात थोडा शिडकावा झाला, पुन्हा उघडीप पडली, टँकर चालूच राहिले. ती विहिरीवर जात राहिली.

टपालवाला केरबा दिवसाला तीस किलोमीटर सायकल मारायचा. एके दिवशी तो तिच्या खोलीवर गेला आणि आपल्यासाठीही तसली टोपी करून मागितली. ग्यानोबानं पुढच्या खेपेला कवच आणलं. केरबा ती मोठ्या रस्त्यावर घालायचा आणि गावाची शीव आली की काढून टपालाच्या थैलीत कोंबायचा. लोकांनी त्याच्यावर संशय घेतला तो थैली फुगलेली दिसते म्हणून. कुणाची मनीऑर्डर दाबली का, इथवर बोलणं गेलं. शेवटी वैतागून तो ती गावातही घालू लागला, तेव्हा बोलणं बंद झालं. मी स्वतः पुढं नऊ वर्षं सायकल चालवली. मला टोपी मागायचं तोंड नव्हतं, आणि बाजारातली घ्यायची लाज वाटत होती.

एक्क्याण्णवला तिची बदली हिमायतनगरला झाली. तिचं सामान टेम्पोत चढवायला मी हात लावला. त्यानंतर भेट झाली ती एकदाच, दोन हजार नऊ साली, नांदेडच्या बसस्टँडवर. केस पांढरे, चष्मा, बरोबर सून. तिनंच मला ओळखलं. शेषेराव कसे आहेत, तुळजाबाई आहे का, असं एकेक विचारत गेली. तुळजाबाई गेल्याचं मी सांगितलं. मग तिनं खैरवाडीला नळ आला का, म्हणून विचारलं. आला, म्हणालो.

मला तो अर्जाचा विषय काढायचा होता. तेवीस वर्षं मनात घोळवलेली दोन वाक्यं तयार होती. मी “सिस्टर, त्या वर्षी...” एवढंच म्हटलं आणि तिनं फलाटाकडं पाहिलं.

“गाडी लागली, व्यंकटभाऊ,” ती म्हणाली. सुनेनं पिशव्या उचलल्या. तिनं मला नमस्कार केला आणि भोकरच्या गाडीत चढून खिडकीशी बसली.